टेलला पाणी पोचतं का?

नमस्कार श्रोतेहो.

आज बालीबद्दल बोलूया. इंडोनेशियातलं बेट. समुद्रकिनारे राहू द्या, ते कॅलेंडरवर भरपूर पाहिलेत. मी बोलणार तिथल्या भातखाचरांबद्दल, आणि ती बघायला लोटणाऱ्या गर्दीबद्दल.

आमचे मोहोळचे मामा. ऊस, थोडी द्राक्षं, आणि जन्म गेला उजनीच्या कॅनॉलवर, तोही टेलला, म्हणजे कॅनॉलच्या पार शेवटच्या टोकाला. पोरानं हट्टानं बालीला नेलं. तिथं जतिलुविह म्हणून गाव आहे. डोंगरउतारावर भाताच्या पायऱ्याच पायऱ्या. २०१२ साली युनेस्कोनं ही खाचरं जागतिक वारशात घेतली. सगळी दुनिया फोटो काढतेय आणि मामा पाटाच्या कडेला उकिडवे बसलेत! पाटात एक ओंडका आडवा, त्याला दोन खाचा. ज्याचं रान जास्त, त्याची खाच रुंद. मामांनी वीत लावून दोन्ही मोजल्या आणि गाईडला विचारलं, "टेलला पाणी पोचतं का?"

गाईड शेतकऱ्याचाच पोरगा. म्हणाला, पोचतं. एका पाटावरच्या शेतकऱ्यांची मिळून एक 'सुबक' असते, तिचा म्होरक्या 'पेकासेह'. लावणी कुणी कधी करायची, पाण्याची पाळी कुणाची, हे सगळं बैठकीत आणि देवळात ठरतं.

मामा म्हणाले, "आमच्याकडं हा ओंडका एका रात्रीत सरकला असता."

गाईड हसला. "आमचे आजोबा रात्री खाचरात उगाच झोपायला जायचे काय?"

मामांना सोयरा भेटल्यासारखं झालं. "मग तुझं रान कुठलं?"

त्यानं खाली किनाऱ्याकडं हात केला. बापानं ते व्हिलावाल्याला दिलेलं, कितीतरी वर्षांचं भाडं एकरकमी घेऊन. परक्या देशाच्या माणसाला तिथं जमीन मालकीनं घेता येत नाही, भाडेपट्टा मात्र चालतो. व्हिला उठला, कुंपण पडलं, पाट बुजला. खालच्या शेजाऱ्याचं पाणी तुटलं, मग त्यानंही रान देऊन टाकलं.

परतीच्या गाडीत मामा एवढंच म्हणाले, "मधलं रान गेलं की टेल मेलं." पुन्हा सांगतो, मधलं रान गेलं की टेल मेलं.

याआधीही ही घडी एकदा विस्कटली होती. १९७० च्या दशकात सरकारनं सांगितलं, नवी वाणं घ्या, जमेल तितक्या वेळा लावा. जो तो आपल्या वेळेनं लावू लागला आणि किडीला बारमाही जेवण मिळालं. सगळी रानं एकदम कोरडी ठेवली की कीड उपाशी मरते, हे देवळाच्या वेळापत्रकाला ठाऊक होतं. ते वेळापत्रक पुढं परत आलं. व्हिलाखाली गेलेलं खाचर परत येईल, असं मला वाटत नाही.

आपल्याकडंही २०२० पासून राज्याचं कृषी पर्यटन धोरण आहे. हुरड्याचे बोर्ड रस्त्यानं दिसतातच. जाता जाता माझं खाजगी मत : हुरड्याबरोबर मेयोनीज वाढणाऱ्याला आगटीजवळ उभं करू नये. शेंगाचटणी कमी पडली म्हणून कुणी मेयोनीज मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि डीजे लावायचाच असेल तर ज्वारीच्या रानात कशाला यायचं?

असो. रानात पर्यटक आणताय, जरूर आणा. पार्किंगला मुरूम टाकण्याआधी मात्र तिथनं चारी जाते का बघा. जात असेल तर खाली रुंद पाइप टाका, आणि किती रुंद ते खालच्या रानवाल्याला विचारून ठरवा.

नमस्कार.