कागदावर कोरकू, घरात निहाल

मंडळी, सुरुवात एका सरकारी कागदापासून करू. अनुसूचित जमातींच्या यादीत एक नोंद आहे: ‘कोरकू, बोपची, मौआसी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंडेया’. एका ओळीत सात नावं, आणि जातीचा दाखला निघतो तो पहिल्या नावाच्या छत्राखाली. त्यातलं चौथं नाव आज आपला विषय आहे. निहाल कोरकूंच्या शेजारी राहतात, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासोबत राबत आले आहेत, कोरकू भाषा त्यांना येतेही. पण घरात ते जी भाषा बोलतात ती निहाली, कोरकू नाही. ती मराठी नाही, हिंदी नाही, भिली नाही, गोंडीही नाही. तिचं नातं जगातल्या कुठल्याही भाषेशी आजवर सिद्ध झालेलं नाही.

हे लोक राहतात कुठे? बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात. (जळगाव म्हटलं की बरेच जण खानदेशात पोचतात. हे ते नव्हे.) सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा गावांत आणि वस्त्यांत. डोंगर ओलांडला की पलीकडे बऱ्हाणपूर, पूर्वेला मेळघाट. भाषा बोलणारे अंदाजे २००० ते २५००. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या लग्नात याहून जास्त पानं उठतात.

या भाषेचं अंतरंग बघायचं तर आकड्यांपासून बघावं. निहालीत एकाला म्हणतात ‘बिडुम’. दोन म्हणजे ‘इरार’, तीन ‘मोथो’, चार ‘नालो’. सभागृहात कोणाला कन्नड येत असेल तर त्यांचे कान एव्हाना टवकारले असतील: एरडु, मूरु, नाल्कु. म्हणजे दोन, तीन, चार हे द्राविडी घरातून आलेले. पाचापासून पुढे मात्र आपल्याच ओळखीचे, आर्यभाषांचे आकडे सुरू होतात. आणि ‘बिडुम’? तो कुणाचाच नाही. चार आकड्यांत तीन मालकांचा पसारा नाही म्हणायचा, पण पाचात नक्की आहे! मला आपलं वाटतं, एकाला शब्द उसना आणावा लागत नाही. दुसरा माणूस दारात आला की मोजणी सुरू होते आणि उसनवारीही.

आता बाकीचा शब्दसंग्रह. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ साली या भाषेचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबात सुमारे ३६ टक्के शब्द कोरकूशी जुळतात, सुमारे ९ टक्के द्राविडी आहेत, मराठी-हिंदीकडून आलेले पुष्कळ आहेत. हे सगळं वजा केल्यावर सुमारे एक चतुर्थांश शब्द उरतात ज्यांचा पत्ता लागत नाही. आता ते कोणते आहेत हे पाहा. पाण्याला ‘जोप्पो’. आगीला ‘आपो’. डोळ्याला ‘जिकित’, रक्ताला ‘चोर्तो’. बाजारात नव्यानं आलेल्या वस्तूचं नाव आपण सहज उचलतो. रक्ताचं, डोळ्याचं नाव माणूस सहसा शेजाऱ्याकडून आणत नाही. सगळ्यात जुनं सामान घराच्या आतल्या खोलीत असतं, तसं आहे हे.

कोरकू ही मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची बहीण. त्या कुळाचे लांबचे नातेवाईक कंबोडिया आणि व्हिएतनामपर्यंत पसरलेले आहेत. निहालीला असा गोतावळा नाही. भारतीय उपखंडात अशा एकट्या भाषा बोटांवर मोजाव्यात: हुंझा-नगरच्या बाजूची बुरुशास्की, नेपाळची कुसुंडा आणि ही आपल्या विदर्भातली. विदर्भात संमेलनं होतात, वऱ्हाडीचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. पण त्या कौतुकात निहालीचं नाव क्वचितच निघतं, याचं मला वैषम्य वाटतं.

विद्वानांनी हिच्याकडे कसं पाहिलं, तेही मजेचं आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्या सर्वेक्षणाची पद्धत अशी, की प्रत्येक बोलीत बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट भाषांतर करून मागवायची आणि सोबत ठरलेली शब्दयादी. त्या खंडात स्टेन कोनो यांनी नहालीला, म्हणजे निहालीलाच, मुंडा भाषांमध्ये बसवलं. त्यांचं म्हणणं, मुळात ही कोरकूसारखीच, मग तिच्यावर द्राविडी थर चढला, मग आर्य. न जुळणाऱ्या शब्दांचं काय करायचं, हा प्रश्न तिथे सुटलाच नाही.

मग दुसरा तर्क आला. जुन्या कागदपत्रांत ‘नहाल, भिल्ल, कोळी’ असा एकत्र उल्लेख येतो, डोंगरातून उतरून लूटमार करणाऱ्यांसाठी. त्यावरून शंका निघाली, की ही भाषा म्हणजे चोरांची सांकेतिक बोली तर नसेल? कायपर यांनीही ती शक्यता विचारात घेतली होती. विचारात घेणं गैर नाही. गुप्त बोली असतातच. सराफांच्या असतात, दलालांच्या असतात. पण त्या बोलींचा सांगाडा आजूबाजूच्या भाषेचा असतो, बदललेले असतात ते मोजके शब्द: पैसा, गिऱ्हाईक, शिपाई. पाणी आणि डोळा कशाला लपवायचा? आणि समजा बाजारात दोन निहाल आपसांत बोलले आणि दुकानदाराला कळलं नाही, तर ती गुप्त भाषा झाली का? दुकानदारानं ती कधी शिकलीच नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

इथेच मला खरा मुद्दा दिसतो. निहाल माणूस कोरकूशी कोरकूत बोलतो, जामोदच्या बाजारात मराठी बोलतो, डोंगरापलीकडे हिंदी. तीन-चार भाषा त्याच्या जिभेवर असतात आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही, कारण मजुरी मिळवायची तर त्या याव्याच लागतात. उलट बाजूनं निहाली शिकणारा शेजारी नाही. कोरकूंच्या उतरंडीत निहालांची पायरी खालची मानली गेली. खालच्यानं वरच्याची भाषा शिकायची, वरच्यानं शिकायची नाही, हा नियम आपण सगळेच पाळतो, इंग्रजीपुढे आपणही पाळतो. म्हणून निहालीत कोरकूचे शब्द ढिगानं आले. इतके आले, की लोकांनी तिला कोरकूचीच मोडकी बोली समजून टाकलं.

महाराष्ट्रात काम झालंच नाही असं नाही. आशा मुंडले यांनी निहालीचा शब्दसंग्रह केला, तो १९९६ साली छापला गेला. के. एस. नागराज यांचं निहालीवरचं पुस्तक २०१४ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेनं काढलं. व्याकरण आहे, शब्द आहेत. ज्यांना पुढे काम करायचं आहे त्यांना पायवाट तयार आहे.

मघाशी चिठ्ठीवर एकानं विचारलंय, जनगणनेत नेमका आकडा किती? जनगणनेच्या छापील तक्त्यांत निहालीची ओळ शोधू नका. १९७१पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा स्वतंत्र दाखवल्या जात नाहीत, त्या ‘इतर’मध्ये जातात. आणि तेही मातृभाषेच्या रकान्यात ‘निहाली’ असं लिहिलं गेलं तर. दाखल्यावर कोरकू असलेल्या माणसानं तिथेही ‘कोरकू’ सांगितलं, की तो ‘इतर’मध्येसुद्धा नसतो.