साटिनचं झबलं आणि पोलिसप्रमुख बाई

(दृश्य : पेनसिल्व्हेनिया राज्य, लँकेस्टर काउंटी. डांबरी रस्त्याच्या कडेनं चाललेली घोड्याची बग्गी.)

हे आमिश लोक. १६९३ साली याकोब आमानच्या मागून वेगळा झालेला हा ख्रिस्ती पंथ पुढे युरोपातून अमेरिकेत आला. शाळा आठवीपर्यंत. टेलिफोन असलाच तर बहुतेकदा घराबाहेर, शेताच्या कडेला एखाद्या खोपटात. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं त्यांना गर्वाचं लक्षण वाटतं. म्हणून या फिल्ममध्ये तुम्हाला कोठारं दिसतील, दोरीवरचे कपडे दिसतील, चेहरे दिसणार नाहीत.

यांच्यावर कादंबऱ्या लिहिल्या जातात, त्या वाचतात मात्र बहुतेक बाहेरचे लोक. १९९७ साली बेव्हर्ली लुईस यांची ‘द शनिंग’ (म्हणजे वाळीत टाकणं) आली आणि लाट सुरू झाली. लग्न ठरलेल्या एका मुलीला माळ्यावर तान्ह्या बाळाचं साटिनचं झबलं सापडतं. साध्या सुती कपड्यांच्या घरात साटिन आलं कुठून? खून नाही, दरोडा नाही, तरी पुस्तक हातातून सुटत नाही.

ज्या घरात जुने फोटो नाहीत, जिथे भांडण कोर्टात न्यायचं नाही, तिथे गुपित पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. आणि बाप्तिस्मा घेऊन नियम मोडला, तर वाळीत. लेक घरी येते, पण तिचं पान वेगळ्या टेबलावर. तिच्या हातून कुणी काही घ्यायचं नाही. अशा घरात ‘खरं काय ते सांग’ म्हणणं फार महागात पडतं.

(दृश्य : ओहायो. बर्फाखालची शेतं.)

२००९ साली लिंडा कॅस्टिलो यांनी याच जगात सरळ खुनाचा तपास आणला. त्यांची नायिका केट बर्कहोल्डर आमिश घरात वाढली, बाहेर पडली, आता पोलिसप्रमुख आहे. तिला घरची बोली येते, म्हणून साक्षीदार तिच्याशी दोन शब्द तरी बोलतात. आमच्या मते या प्रकारातली सगळ्यात चतुर निवड हीच.

एक पेच मात्र खुनी सापडल्यावरही उरतो : क्षमेचा. २००६ साली पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स गावाच्या आमिश शाळेत एका बाहेरच्या माणसानं पाच आमिश मुलींना गोळ्या घालून मारलं आणि स्वतःचाही जीव घेतला. त्याच्या कुटुंबाचं सांत्वन करायला आमिश शेजारी गेले, त्याच्या दफनालाही हजर राहिले. सुमार लेखक अशी क्षमा शेवटच्या दोन पानांत उरकतात. चांगल्या कादंबरीत ज्या भावानं सगळं माहीत असून तोंड उघडलं नाही, त्याला सकाळी त्याच घरात गाईचं दूध काढायला उठावं लागतं.