कोलंबी बाधली की काजू?

नमस्कार मंडळी. अंगावर काही उठलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, काय खाल्लंस? माझं म्हणणं, पहिला प्रश्न हवा, किती वेळाने उठलं? किती वेळाने, हे धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

वेंगुर्ल्याकडे आमच्या नात्यात एक सून आहे, पुण्याची. दरवर्षी एप्रिलात येते आणि बायकांबरोबर पडवीत ओले काजूगर काढायला बसते. यंदा काकी म्हणाली, "गे, हाताक राख लाव आधी." पण गप्पांच्या नादात राहिलं ते, बिया कापता कापता दोनदा डोळेही चोळले. गर मात्र टोपलीभर निघाले, उसळ झाली (आणि एक सांगतो, ओल्या काजूच्या उसळीत हल्ली हॉटेलवाले गरम मसाला ओततात ते मला बिलकुल पटत नाही, नुसतं ओलं खोबरं हवं, गराची चव मारायची कशाला?). दुसऱ्या रात्री नऊला कोलंबीचं सुकं जेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पापण्या सुजून डोळे बंद, बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे फोड आणि खाज थांबेना. सगळ्या घराचं एकच, कोलंबी बाधली! सासूने दृष्टसुद्धा काढली. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, कोलंबी कधी खाल्ली, आणि त्याच्या आदल्या दिवशी हात कशात होते? कोलंबीची ॲलर्जी बहुतेकदा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत उठते, आणि उठते ती गांधींनी, असे बोटांतच फोड येत नाहीत. हा काजूच्या टरफलाचा चीक होता. ती म्हणाली, मी तर दरवर्षी काढते! अहो, म्हणूनच तर, शरीर आधी ओळख करून घेतं आणि मग कधीतरी उलटतं.

१९६३ मध्ये जेल आणि कूम्ब्स या दोघा शास्त्रज्ञांनी अशा उलटण्याचे चार प्रकार मांडले. काजूचा हा चौथा, टी पेशींचा (या रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी), एक-दोन दिवसांनी येणारा. बिब्बा, आंब्याचा चीक त्यातलेच, आणि टीबीची हातावरची टेस्ट दोन-तीन दिवसांनी बघतात तीही याच कारणाने. कोलंबी, गांधीलमाशी हा पहिला प्रकार, मिनिटांतला, त्यात हिस्टामाइन नावाचं खाज-सूज आणणारं रसायन सुटतं. ओठ सुजले, श्वास लागला तर गोळी शोधत बसू नका, लगेच दवाखाना गाठा, तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन देतात. दुसऱ्यात अँटीबॉडी, म्हणजे परक्याशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, थेट पेशींवर जातात, चुकीच्या गटाचं रक्त चढवलं की होतं ते.

तिसरा आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाने नीट ऐकावा. फुरसं चावल्यावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं. ते घ्यायचंच, त्यात दुसरा विचार नाही. पण घोड्याची ती परकी प्रथिनं शरीराला कधीकधी उलटतात, म्हणून घरी आल्यावर, साधारण आठ-दहा दिवसांनी, ताप आला, सांधे धरले, अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना आधी सांगा की सर्पदंशाचं इंजेक्शन झालंय, आणि किती दिवस झाले तेही.