दिवा लागतोय, पण लाइन नाही

[दृश्य: कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. फाउंड्रीचं गेट, आत माल भरलेला ट्रक.]

ट्रक भरून उभा आहे. कास्टिंग चेन्नईला जायचंय. ड्रायव्हरचा एक चहा झाला, दुसराही झाला. गाडी मात्र हलत नाही, कारण ई-वे बिल निघत नाही. परराज्यात जाणारा माल ५० हजार रुपयांच्या वरचा असला की हे बिल लागतं, आणि ते निघतं इंटरनेटवर. २०१८ पासूनची ही पद्धत. भट्टी चालू, कामगार हजर, माल तयार. अडलंय ते डिस्पॅचच्या टेबलाखाली.

"भावा, दिवा तर लागतोय की. मग बिल का निघंना?" क्लार्क विचारतात.

टेबलाखाली वाकलेला मुलगा अजून शिकाऊ आहे. दिवसा नेटवर्कची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर फिरतो, संध्याकाळी कोल्हापुरातल्या राजारामपुरीत नेटवर्किंगच्या क्लासला जातो. क्लार्कच्या प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत आहे, पण सांगत बसायला वेळ नाही. स्विचवरचा, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डबीवरचा, हिरवा दिवा एवढंच सांगतो, की पलीकडं काहीतरी जोडलंय. त्यातून डेटा नीट जातोय का, हे तो दिवा सांगत नाही.

[दृश्य: राजारामपुरी, संध्याकाळ. क्लासची खोली, भिंतीला रॅक.]

आपल्याकडं 'कॉम्प्युटरचा कोर्स' म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढं अजून एमएस-सीआयटीच येतं. २००१ साली सुरू झालेल्या त्या कोर्सनं महाराष्ट्राला माउस धरायला शिकवला, हे खरंच. पण या खोलीत चाललंय ते वेगळं. इथं स्क्रीनपेक्षा जास्त वेळ हातात केबल असते. कुणी डिप्लोमा केलेला, कुणी बीसीए, कुणी आयटीआयमधून आलेला, एखादी बी.कॉम. झालेली मुलगी. कागल, गडहिंग्लजकडची पोरं एसटीची वेळ बघून बसतात; शेवटची गाडी चुकली तर पंचाईत.

पहिला आठवडा आरजे-४५ मारण्यात, म्हणजे केबलीच्या टोकाला आठ पिनांचा प्लग बसवण्यात जातो. केबलीत आठ तारा, चार जोड्या. क्रम ठरलेला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. नवीन पोरगं हमखास विचारतं, हिरवीची जोडी मधेच फोडायची कशाला? सरळ नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या लावल्या तर काय बिघडेल? दोन्ही टोकांना सारखंच लावायचं की!

सर म्हणतात, "लाव बघू तसंच."

[दृश्य: केबल टेस्टर. एक ते आठ दिवे ओळीनं लागतात.]

दिवे आठही लागतात. पोरगं खूश. मग सर तीच चूक लांब केबलीवर करायला लावतात आणि तिच्यावरून एक मोठी फाइल कॉपी करायला सांगतात. फाइल रखडते.

कारण असं आहे. जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरून आलेला विजेचा गोंधळ दोघींवर जवळपास सारखाच बसतो, आणि पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचत असल्यामुळं तो गोंधळ वजा होतो. तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी धरलेली आहे. पोरानं तिथं एका जोडीतली पांढरी-हिरवी आणि दुसऱ्या जोडीतली निळी बसवली. या दोघी एकमेकींना पिळलेल्याच नाहीत. तार जोडली गेली, म्हणून स्वस्तातला टेस्टर पास म्हणतो; पिळाचा फायदा गेला, हे त्याला कळत नाही. टोकाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नये, हा नियमही त्याच कारणानं. आणि तांब्याच्या केबलीची मर्यादा १०० मीटर, ही तर सगळ्यांच्या तोंडावर असते.

या एका तासात जे कळतं ते पुढच्या कितीतरी तासांत कळत नाही, असं माझं मत. पण पोरांना घाई असते फायरवॉलची, क्लाउडची.

[दृश्य: फळ्यावर आकडे. बाकावरची मुलं वहीत गणित सोडवताना.]

मग येतं सबनेटिंग, म्हणजे एका नेटवर्कचे लहान तुकडे करणं, आणि वर्ग जरा गप्प होतो. राजारामपुरीत पत्ता सांगताना आधी कितवी गल्ली ते सांगतात, मग घर. आयपी पत्त्यालाही, म्हणजे नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरच्या आकडी पत्त्यालाही, तेच दोन भाग, आणि गल्ली कुठं संपून घर कुठं सुरू होतं हे सबनेट मास्क ठरवतो. स्लॅशपुढचा आकडा म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी गल्लीचे किती. १९२.१६८.१.० स्लॅश २४ म्हणजे २५६ पत्ते, त्यातले वापरता येतात २५४. त्याचे स्लॅश २६ ने चार तुकडे केले की एकेकात ६२ उरतात. कॅमेरे एका तुकड्यात, अकाउंट्स दुसऱ्यात, पाहुण्यांचं वाय-फाय तिसऱ्यात. पाहुण्याच्या मोबाइलला टॅलीच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू द्यायचं नसेल तर अशी विभागणी लागते, आणि मधे अडवणारा नियमही. सीसीएनए या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून हे सगळं तोंडी.

सराव सिस्कोच्याच पॅकेट ट्रेसर या प्रोग्रॅमवर होतो. फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात राउटर, म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात वाट दाखवणारं यंत्र, पडद्यावर ओढायचा, ठेवायचा, कमांड द्यायच्या. फार उपयोगी आहे. फक्त त्यात धूळ नाही.

[दृश्य: फाउंड्रीची शेड. भट्टीचा उजेड. भिंतीवर उघडा रॅक, आत काळी भुकटी.]

धूळ इथं आहे. मोल्डिंगची काळी वाळू स्विचच्या पंख्यात जाऊन बसते. पलीकडं इंडक्शन भट्टी, तिच्या पॉवर केबली, आणि कुणीतरी सोय म्हणून त्याच ट्रेमधून नेलेली नेटवर्कची केबल. भट्टी चालू झाली की वजनकाट्याचा कॉम्प्युटर गटांगळ्या खातो, बंद झाली की ठणठणीत. 'कधीकधी बंद पडतं' या तक्रारीचा पाठपुरावा करताना घड्याळ बघायचं असतं, हे इथं आल्यावर समजतं.

त्यात आपला वळीव. मे महिन्यात दुपारी आभाळ भरून येतं, विजा कडाडतात, आणि दोन शेडच्या मधून उघड्यावर टाकलेल्या तांब्याच्या केबलीनं दोन्हीकडचे पोर्ट, म्हणजे केबल घालायची भोकं, उडतात. फायबरमधून वीज नाही, प्रकाश जातो. त्याला ना भट्टीचा त्रास, ना १०० मीटरची अडचण. म्हणून आता दोन शेडच्या मधे फायबर टाकतात, आणि स्प्लायसिंग, म्हणजे फायबरचे तुकडे जोडणं, येणाऱ्या पोराला काम कमी पडत नाही.

पुराचंही तेच. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या पाण्यानं पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद झाला होता. अशा वेळी एक तुटली तर दुसरी हवी, म्हणून दोन कंपन्यांच्या इंटरनेटच्या लाइनी घेऊन निर्धास्त राहणाऱ्याला एवढंच विचारायचं: दोन्ही फायबर येतात कुठल्या खांबांवरून? एकाच खांबावरून येत असतील तर बिलं दोन आणि लाइन एकच.

[दृश्य: पुन्हा क्लास. एका छोट्या स्विचमध्ये केबलीची दोन्ही टोकं घातलेली.]

एक प्रयोग मात्र पोरांना फार आवडतो. साधा स्विच घ्यायचा, एकाच केबलीची दोन्ही टोकं त्याच्यातच घालायची. सगळे दिवे एकदम थयथय नाचायला लागतात आणि सगळं नेटवर्क झोपतं. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे केबलीतून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाला, आयुष्याची मर्यादा नाही, त्यामुळं सर्वांना उद्देशून निघालेला एक निरोप गोल गोल फिरत राहतो आणि वाढत जातो. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डीईसी कंपनीत काम करताना शोधला. तो चांगल्या स्विचमध्ये असतो, स्वस्त डबीत बहुतेकदा नसतो. आणि ऑफिसात स्वस्त डबीच असते. साफसफाई करताना लोंबती केबल दिसली म्हणून कुणीतरी मोकळ्या भोकात घालून टाकतं.

परीक्षेचं थोडक्यात. सीसीएनएचा सध्याचा पेपर २००-३०१, फेब्रुवारी २०२० पासूनचा. १२० मिनिटं, फी ३०० डॉलर, वर कर, प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. कोल्हापुरातल्या घराला ही फी लहान नाही. म्हणूनच 'डंप' घेण्याचा मोह होतो. डंप म्हणजे फुटलेले प्रश्न पाठ करणं. त्यानं पेपर निघतो, हेही खोटं नाही. पण तसा पास झालेला मुलगा डिस्पॅचच्या टेबलाखाली वाकला की दिव्याकडंच बघत बसतो.

[दृश्य: शिरोली. तोच मुलगा, लॅपटॉपवर काळी खिडकी.]

डिस्पॅचच्या कॉम्प्युटरचा पत्ता आलाय १६९.२५४ नं सुरू होणारा. म्हणजे कॉम्प्युटरनं पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला. बिलाच्या साइटकडं बघायचं कारणच उरलं नाही. दोष डीएचसीपीपर्यंतच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेपर्यंतच्या, वाटेत आहे. मुलगा केबल बदलतो, फरक नाही. पोर्ट बदलतो. पत्ता येतो. गेटवेला, म्हणजे नेटवर्कातून बाहेर जायच्या दाराला, पिंग (आहेस का, अशी हाक), मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ला, मग साइटच्या नावानं. बिल निघतं. बंद पोर्टवर तो चिकटपट्टी लावतो, तारीख लिहितो आणि डायरीत नोंद करतो. ही नोंद कुठल्याच पेपरला विचारत नाहीत.

पुढं वाटा दोन. एक पुणे किंवा बेंगळुरूला, नेटवर्क ऑपरेशन सेंटरच्या रात्रपाळीत, एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीचा माणूस म्हणून तिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारी बघायच्या. मुलींच्या घरी पगाराआधी रात्रपाळीची चर्चा होते, आणि बस कुठवर सोडते याची. दुसरी वाट इथलीच: सहकारी बँकांच्या शाखा, साखर कारखाने, दवाखाने, लोकल इंटरनेटवाले. पैसे सुरुवातीला कमी, पण हाताखालून सगळंच जातं.

[दृश्य: ऑनलाइन मुलाखत. हेडफोन लावलेली मुलगी, समोर कागद-पेन.]

पुण्याहून प्रश्न येतो. एका स्विचला दोन कॉम्प्युटर. एक १९२.१६८.१.१० स्लॅश २४, दुसरा १९२.१६८.१.२०० स्लॅश २५. गेटवे नाही. पहिल्यानं दुसऱ्याला पिंग केलं, उत्तर येईल का?

ती आकडेमोड करते. "पहिल्याला दुसरा आपल्याच नेटवर्कात वाटतो, म्हणून पॅकेट जाईल. दुसऱ्याचं नेटवर्क १२८ पासून सुरू होतं, त्याला पहिला बाहेरचा वाटतो. बाहेर पाठवायला गेटवे नाही, त्यामुळं उत्तर परत येणार नाही, सर."

"बरोबर. आणि आता दुसऱ्याला गेटवे दिला तर?"