शकुंतला पुन्हा धावायची असेल, तर आधी काय ठरवावे लागेल?

नमस्कार. माझ्या हातातली ही लाकडी पट्टी बरोबर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट लांब आहे. माझ्यासमोरच्या टेबलाची उंचीही जवळपास तेवढीच. विदर्भातल्या शकुंतला रेल्वेच्या दोन रुळांमधले अंतर एवढेच आहे. आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेजचे हे अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे या पट्टीच्या दुपटीहून अधिक असते. बंद पडलेली ही गाडी पुन्हा सुरू करा, अशी मागणी जेव्हा होते, तेव्हा त्या मागणीतला सर्वांत अवघड प्रश्न या पट्टीत दडलेला असतो.

आधी नकाशा पाहू. मुंबई–नागपूर मार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्या दरम्यान मूर्तिजापूर जंक्शन आहे. तिथून एक फाटा कारंजा आणि दारव्हा या गावांवरून यवतमाळला जातो, तो ११३ किलोमीटरचा. दुसरा दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जीवरून अचलपूरला जातो, तो ७६ किलोमीटरचा. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मार्ग टाकला गेला, तो वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गापर्यंत पोहोचवण्यासाठी, जिथून तो मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना जाई. मँचेस्टरमध्येच बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले, पण वेग काही फारसा वाढला नाही. मोजक्याच कर्मचाऱ्यांवर सगळा कारभार चाले; तिकिटे देण्यापासून डबे सोडवण्यापर्यंतची कामे तीच माणसे करत. आज दोन्ही फाट्यांवर गाडी नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. बंद मार्ग पुन्हा सुरू करण्याचा खर्च गाडी किती वर्षे बंद होती यापेक्षा, त्या काळात जमिनीचे आणि रुळांचे काय झाले यावर ठरतो. इंग्लंडमधल्या ओकहॅम्प्टन या लहान गावाची नियमित प्रवासी सेवा १९७२ मध्ये बंद झाली, तरी जवळच्या मेल्डन खाणीतली खडी वाहून नेण्यासाठी रूळ जागेवरच राहिले. त्यामुळे ४९ वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, सुमारे ४ कोटी पौंडांत तिथे पुन्हा नियमित गाडी धावू लागली, आणि त्यासाठी लागणारे ११ मैलांचे नवे रूळ अवघ्या २० दिवसांत टाकून झाले. याउलट स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गहून दक्षिणेकडे जाणारा मार्ग १९६९ मध्ये बंद झाल्यावर रूळ उखडले गेले, आणि शहराचा वळणरस्ता थेट जुन्या मार्गावरून बांधला गेला. २०१५ मध्ये त्यातला ट्वीडबँकपर्यंतचा सुमारे ४८ किलोमीटरचा भाग पुन्हा उघडला, तेव्हा खर्च २९ कोटी पौंडांच्या पुढे गेला होता. हिशेब सरळ आहे: भराव आणि जमीन एकदा हातची गेली, की पुढे जे करायचे ते नव्या रेल्वेच्याच किमतीत करावे लागते.

शकुंतलेच्या बाबतीत या हिशेबात गेजची भर पडते. अरुंद मार्गाची गाडी लहान वळण घेऊ शकते, म्हणून तो बांधताना ओढा, टेकडी, शेत जिथे आडवे आले तिथे मार्ग वळवता आला; ब्रॉडगेजला मात्र वेग हवा असेल तर वळणे मोठी लागतात. त्यामुळे गेज रूपांतर म्हणजे जुन्याच भरावावर रुंद रूळ ठेवणे, ही समजूत चुकीची आहे. काही ठिकाणी नवी जमीन घ्यावी लागते, पूल नव्याने बांधावे लागतात, आणि फाटकांच्या जागी भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल द्यावे लागतात. दुसरीकडे, जुनाच मार्ग दुरुस्त केला तर खर्च वाचेल, पण मूर्तिजापूरला गाडी बदलणे चुकणार नाही, आणि रस्त्यावरची एसटी आधीच पुढे निघून गेलेली असेल. दोन्हींपैकी काहीही केले, तरी रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीशिवाय प्रवासी गाडी सुरू करता येत नाही. आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ऐकायला विचित्र वाटते, पण गाडी चालवणारा आणि तिची तपासणी करणारा एकच नसावा, हा त्यामागचा विचार मला पटतो.

वेळापत्रकाबद्दल मात्र मी स्पष्टच बोलेन. दिवसातून एक फेरी, तीही कॉलेज, कचेरी किंवा दवाखान्याच्या वेळेशी न जुळणारी, एवढ्यासाठी कोट्यवधी रुपये घालणे म्हणजे लोकांच्या जिव्हाळ्याची किंमत सरकारी तिजोरीतून चुकवणे होय. ओकहॅम्प्टनला आधी दर दोन तासांनी आणि २०२२ पासून दर तासाला गाडी मिळाली, म्हणून लोकांनी ती दैनंदिन कामासाठी धरली.

शिवाय दोन्ही फाट्यांचा प्रश्न एक नाही. यवतमाळकडे वर्ध्याहून ब्रॉडगेज येत आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. यवतमाळ शहराला त्यामुळे मूर्तिजापूरची तेवढी गरज उरणार नाही, पण दारव्हा आणि कारंजा यांना ती उरेल. अचलपूरची अडचण वेगळी आहे. तिथल्या माणसाचे जिल्ह्याचे काम अमरावतीत असते, आणि रूळ मात्र दर्यापूरवरून अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला जातात, कारण ते कापसाच्या सोयीने टाकले होते. म्हणून अचलपूरच्या फाट्यासाठी सर्वेक्षण होईल, तेव्हा जुन्या मार्गाच्या खर्चाबरोबरच अचलपूरहून अमरावतीकडे थेट मार्ग काढता येतो का, हेही त्याच अहवालात तपासून घ्यावे.