चावी घरात, गाडी गायब

रात्रीचे 2 वाजून 47 मिनिटं, सीसीटीव्हीच्या या चित्रात कोपऱ्यात वेळ दिसतेय बघा. गाडी घरासमोर उभी आहे, नीट लॉक केलेली, आरसेसुद्धा मिटलेले. आता डावीकडून दोघं येतायत, आणि पळत वगैरे नाही हां, घरचंच कुणी उशिरा परतावं तसे निवांत. एक गाडीच्या दाराशी थांबला. दुसरा मात्र गाडीकडे बघतही नाही, तो सरळ घराच्या दाराशी जातो आणि हातातलं वायरचं वेटोळं दाराला टेकवून उभा राहतो.

इथे थांबवूया. कारण सगळी मेख त्या वेटोळ्यात आहे.

चावी खिशात असताना नुसता हँडलला हात लावला की जी गाडी उघडते, ती खरं तर तेवढ्या क्षणात चावीला हाक मारत असते. ही हाक साधारण 125 किलोहर्ट्झची, अगदी दबकी, मीटर-दीड मीटरच्या पुढे ऐकूच जाऊ नये अशी मुद्दाम ठेवलेली. चावीचं उत्तर मात्र खणखणीत, देशानुसार 315 किंवा 433 मेगाहर्ट्झवर, सहज अंगणापर्यंत पोचणारं. चोरांनी काय केलं, तर ती दबकी हाक गाडीजवळ उचलली आणि वेटोळ्यातून घरात सोडली, आत दारामागच्या खुंटीवर टांगलेल्या चावीला वाटलं मालक गाडीपाशी उभाय आणि तिने इमानदारीत उत्तर दिलं. कोड फोडला नाही, काच फुटली नाही. फक्त निरोप पोचवला.

बघा, इंडिकेटर लुकलुकले. गेली.

आणि चावी घरीच राहिली तरी इंजिन बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात चावीचा सेल संपला म्हणून गाडी थांबली तर अपघातच व्हायचा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्येच 8 कंपन्यांच्या 10 मॉडेल्सवर हा प्रयोग करून दाखवला होता, दहाच्या दहा गाड्या फसल्या. त्यानंतरही बटण दाबा आणि निघा म्हणून जाहिराती चालूच राहिल्या. आता काही नव्या गाड्या उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतात, त्यांना असं गंडवणं अवघड आहे, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचं काय?

हा पाऊच बघा. आतलं अस्तर धातूच्या धाग्यांचं, त्यातून लहरी जात नाहीत. चावी आत टाकली, तोंड नीट दुमडलं, आता गाडीला अगदी खेटून उभं राहून हँडल ओढतोय... नाही उघडली. हीच टेस्ट घरी करा आणि दर काही महिन्यांनी करा, कारण घडीवर अस्तर झिजतं. कपाटातली दुसरी चावी मात्र सगळे विसरतात, तीही पाऊचमध्येच हवी. काही चाव्या दोन बटणं ठराविक पद्धतीने दाबली की झोपतात, मॅन्युअलमध्ये असतं ते, पण मॅन्युअल उघडतंय कोण.

आता हा क्लोजअप. हेडलाइटच्या मागे पीळ घातलेल्या दोन वायरी. गाडीतले छोटे कॉम्प्युटर अशाच वायरींवरून एकमेकांशी बोलतात आणि काही मॉडेल्समध्ये ही जोडी थेट इथपर्यंत आलेली असते. बंपर ओढून इथे एक डबी जोडायची, डबी सांगते चावी आत आहे, दार उघड. इथे पाऊचचा काही उपयोग नाही. जमलं तर नाक भिंतीला लावून गाडी लावा, तिथे हात घालायला जागाच उरत नाही.

म्हणून हा लोखंडी दांडा. स्टिअरिंगवर असा आडवा बसतो, खट्. ऐका तो आवाज. करवतीने कापता येतो, नाही असं नाही, पण वेळ लागतो आणि आवाज होतो, आणि बाहेरून काचेतून दिसला की बरेच जण पुढच्या गाडीकडे वळतात. आम्हाला तरी अजून यापेक्षा भरवशाचं काही सापडलेलं नाही.

घराचं म्हणाल तर चावी दारापासून लांब, दाराला आतून कडी, अंगणात हालचालीवर लागणारा दिवा. कॅमेरा वायरवाला घ्या, वायफाय जॅम करता येतं. कुणी आत शिरलंच तर आडवे जाऊ नका, गाडी जाऊ द्या.

नंतर पोलीस, इन्शुरन्स, दोन्ही चाव्या जमा करा, ते सगळं आलंच.

सकाळचे 6 वाजून 10 मिनिटं. रात्री पाऊस पडून गेलाय, सगळं अंगण ओलं आहे आणि मधोमध गाडीच्या मापाचा एक कोरडा चौकोन.