बर्फाने उमटलेला काळा ठिपका

हा हिमालयन ससा. अंग पांढरंशुभ्र, नाक, कान, पंजे आणि शेपूट मात्र काळी. अशा सशाच्या पाठीवरचे थोडे केस भादरून संशोधकांनी तिथे बर्फाची पिशवी बांधून ठेवली. नवे केस आले ते काळे!

केसांचा काळा रंग म्हणजे मेलॅनिन. ते तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं, आणि ते विकर कसं घडवायचं हे एक जनुक ठरवतं. हिमालयन सशात त्या जनुकात बदल झालेला आहे, म्हणून त्याच्या विकराला उष्णता सोसत नाही. सशाच्या शरीराचं तापमान जवळपास ३९ अंश सेल्सिअस. तिथे ते निकामी होतं. नाक, कान, पंजे त्यामानाने गार, तिथे ते काम करतं. पिल्लं तर आईच्या पोटातल्या उबेत वाढलेली, त्यामुळे जन्मतः पांढरीच असतात. काळा रंग मागाहून चढतो.

पण बर्फाने उमटलेला तो ठिपका पिल्लांत उतरत नाही. केस झडून नवे आले की त्या सशाच्या अंगावरही राहत नाही. वारशाने जातं ते फक्त जनुक.

या जनुकाची रूपं अनेक आहेत. पूर्ण रंग देणारं रूप सर्वांत प्रभावी. त्याखाली करडी छटा देणारं चिंचिला, मग हिमालयन, आणि तळाशी रंगच न देणारं पांढरं. आपल्याकडचे ससेपालक पाळतात त्या न्यूझीलंड व्हाइटमध्ये हेच असतं. रूपं कितीही असोत, एका सशाच्या वाट्याला दोनच येतात: एक आईकडून, एक बापाकडून. दुबळं रूप दबून राहतं, पुसलं जात नाही.

शुद्ध हिमालयन नर आणि पांढरी मादी यांची सगळी पिल्लं हिमालयन होतात. त्याच पिल्लांची पुढे आपसात जोडी लावली, तर चारांत सरासरी एक पूर्ण पांढरं निघतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये विल्यम कॅसल यांनी सशांच्या रंगांचा असा पिढ्यान्‌पिढ्या माग काढला. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेलं गणित इथेही जुळत होतं.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो पूर्ण पांढरा ससा. केस काळे की तपकिरी, एकरंगी की पट्ट्यांचे, याच्या सूचना इतर जनुकांत असतात, आणि त्या त्याच्याकडेही असतात. रंग बनत नाही म्हणून दिसत नाहीत इतकंच. त्यामुळे काळी मादी आणि पांढरा नर यांना कधीकधी रानटी सशासारखी भुरकट पिल्लं होतात. ससेपालक गोंधळतात, मादीवर दुसराच नर गेला असेल म्हणतात. तो भुरकटपणा पांढऱ्या बापाकडूनच आलेला असतो.

रंगीत सशात पांढरा दडलाय का, हे ओळखायचं असेल तर त्याची जोडी पांढऱ्याशी लावावी. एक जरी पांढरं पिल्लू निघालं, तरी शंका मिटली. आठच्या आठ रंगीत निघाली, तर पांढरा दडलेला असण्याची शक्यता फारच थोडी उरते.